लहानूदादा, ठपका तुझ्यावर ठेवलाय

लहानूदादा, ठपका तुझ्यावर ठेवलाय. तू आता उत्तर द्यायला नाहीस, म्हणून कंपनीला ते सोयीचं आहे.

परवा कंपनीचा माणूस पाड्यावर आला. पोशेऱ्याच्या पुढे चढावर त्याची गाडी अडकली, म्हणून चालत आला. सारखा बुटांकडे बघत होता. तुझ्या ओट्यावर बसला, वहिनीने केलेल्या कोऱ्या चहाला हात लावला नाही, आणि म्हणाला, "फार वाईट झालं. पण त्याने स्वतःच पाणी मारलं. त्या मालावर पाणी मारायचं नसतं, तसं बोर्डावर लिहिलेलं आहे. बाकीचे मजूर पळाले, ते सुखरूप आहेत. तुमचीच माणसं उलटी धावली."

मी विचारलं, "बोर्ड कुठल्या भाषेत आहे?"

"नियमाप्रमाणे आहे."

"इंग्रजीत आहे. आणि तुमच्या ऑफिसच्या आत आहे. तिथे मजुराला पाय ठेवू देता का?"

त्याने पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "आपण कोण?"

"बहीण," मी म्हणाले. खोटं होतं, पण सोमीवहिनीने मान हलवली आणि तुझ्या बाबांनीही हलवली. त्यामुळे निदान त्या ओट्यावर तरी ते खरं झालं.

तुझं शिक्षण किती, तुझ्यामागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. आमच्या भागातला माणूस मेला की तो 'जव्हार-मोखाडा' असा जोडनावाने छापून येतो, तेही कुपोषणाच्या बातमीत, आकड्याच्या आत. तू धड त्या बातमीतही बसला नाहीस. तू खाऊन-पिऊन बरा होतास, गडगडाट केल्यासारखा हसायचास. तुला माणसांनी मारलं. माणसांनी करायचं ते केलं नाही, त्यानेच तू मेलास.

आपली ओळख मोखाड्याच्या बाजारातली. मी कॉलेज संपवून नुकतीच मजुरांच्या संघटनेत आले होते आणि मजुरीच्या दराचं पत्रक वाटत होते. खोडाळ्याच्या मास्तरांची मुलगी, आवाज मोठा, कुणी कागद घेतला नाही तर तोंडावर बोलणारी. तू कागद घेतलास, उलटा केलास, बोटाला शाई लागली का बघितलंस, आणि भजीवाल्याला म्हणालास, "ह्याच्यात भजी बांधू नको. शाई उतरते." सगळे हसले. मी तापले. मग तू तिथेच पोत्यावर बसून ते पत्रक आपल्या माणसांना वाचून दाखवलंस. वाचून कसलं, तुमच्या बोलीत सांगितलंस. माझा अर्ध्या पानाचा परिच्छेद तू एका वाक्यात संपवलास: "दर ठरवल्याशिवाय जीपमधी बसायचं नाय."

"मी एवढंच नव्हतं लिहिलं," मी म्हणाले.

"बाकीचं तू सरकारवर रागावली होतीस, पोरी. ते त्यांना घरचंच हाय."

तेव्हापासून प्रत्येक पत्रक छापायच्या आधी मी तुला वाचून दाखवायची. सायक्लोस्टाइलवर चढायच्या आधी तुझ्यावर चढायचं, असं संघटनेत म्हणायचे. तू ऐकताना डोळे मिटायचास आणि कंटाळा आला की उघडायचास. तुझे डोळे उघडले की मी ते वाक्य कापायची. आज हे लिहिताना समोर कुणी डोळे मिटून बसलेलं नाही. काय कापायचं ते मला कळत नाही.

तू मुकादम होतास, हे मी सुरुवातीला तुझ्याविरुद्ध धरलं होतं. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं गोळा करायची, मोखाड्याहून जीपने न्यायची, शिमग्याला आणायची, परत न्यायची. आधी वीटभट्टी, मग रेती, आणि गेली दोन वर्षं ठाण्याच्या पलीकडचं ते खाडीकाठचं यार्ड. कारखान्यांतला घातक कचरा तिथे येतो. गाळाची पिंपं, भुकटीची पोती, काय काय. तो उतरवायचा, रचायचा, पुढे न्यायच्या गाडीत चढवायचा. भट्टीपेक्षा बरं, म्हणायचास तू, पत्र्याची खोली मिळते, आठवड्याचा पगार आठवड्याला मिळतो. मी म्हणायची, विष आहे ते. तू म्हणायचास, "भट्टीवर काय अमृत होतं?"

मी ते यार्ड बघायला आले होते, आठवतं? गेटवर सांगितलं, लहानूची बहीण, घरून निरोप आहे. तूच मला फिरवलंस, एखादा शेतकरी वावर दाखवतो तसं. काही पिंपं फुगून त्यांची झाकणं वर आली होती. भुकटीच्या पोत्यांवर फाटकी ताडपत्री होती. त्या पोत्यांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर तुमच्या खोल्या, आणि खोलीच्या दारात झोळीत कुणाचं तरी मूल झोपलेलं. आगीच्या लाल बादल्या होत्या रांगेने टांगलेल्या. त्यांत वाळू नव्हती, पानाच्या पिचकाऱ्या होत्या. गेटला बाहेरून कुलूप, कारण रिकामी पिंपं चोरीला जायची. नळ एकच.

"आग लागली तर काय करायचं ते शिकवलंय का?" मी विचारलं.

"शिकवलंय की. साहेब आले होते तपासणीला. आम्हांला पिवळ्या टोप्या घातल्या, रांगेत उभं केलं, फोटो काढला. मंग टोप्या काढून घेतल्या. लग्नात नवऱ्याच्या भावाला उसना कोट घालतात ना, तसं."

"आणि भोंगा?"

"तो वाजतो. जेवायला वाजतो, कामावर यायला वाजतो."

"आगीला?"

"आगीला पण तोच."

तू हसत होतास आणि मी हसले नाही. तिथेच मी ठरवलं, यावर पत्रक काढायचं. दोन भाग. वरचा कंपनीसाठी: आगीचा भोंगा वेगळा ठेवा, गेटचं कुलूप काढा, कुठल्या पोत्यात काय आहे ते मजुराला कळेल असं सांगा, जवळच्या दवाखान्याला आधी कळवून ठेवा, वारा कुठला आहे ते दिसेल असं कापड उंचावर लावा. खालचा भाग मजुरांसाठी. त्यात मोठ्या अक्षरांत पहिला शब्द होता, 'पळा'.

त्या शब्दावरून आपलं भांडण झालं. तू शिमग्याला घरी आला होतास. मी वाचत होते, तू डोळे मिटून ऐकत होतास. कंपनीच्या मागण्यांना मान हलवलीस. 'पळा' आलं आणि तुझे डोळे उघडले.

"हे काढ."

"का?"

"आमच्यात आगीला पळत नाय."

ते मला माहीत होतं, पण तू जसं सांगितलंस तसं माहीत नव्हतं. चैतात राब भाजायला घेतात. शेतात पाला, शेण, गवत पसरून पेटवतात, पुढे त्याच राखेत नागली, भात पेरायचा. कधी वारा फिरतो आणि आग बांध ओलांडते. मग जो बघेल तो हाळी देतो. ती हाळी ऐकून जो जिथे असेल तिथून आगीकडे धावतो. जेवत असला तर ताटावरून उठतो. कुणी हिरव्या फांद्या तोडून झोडपतं, कुणी हंडा घेऊन येतं. घर कुणाचं, भावकी आहे का भांडण आहे, बघायचं नाही. तू लहान असताना एक माणूस आला नव्हता. घरातच बसून राहिला. त्याला कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. पण त्याच्या घरी मरण झालं तेव्हा खांदा द्यायला पाड्यावरून कुणी उठेना.

"तुझ्या बाबांनी काय केलं?" मी विचारलं.

"न उठणाऱ्यांत पहिले बाबाच," तू म्हणालास, आणि त्यात अभिमान होता, दादा. मला तेव्हा तो आवडला नाही.

मी म्हणाले, "ती पाल्याची आग. ही विषाची. फांदीने झोडपून विझणार नाही."

"आग ती आग."

"तू मूर्ख आहेस."

"असंल. पण मी माणसं नेतो. उद्या धूर झाला आणि मी पुढं पळालो, तर कुठल्या तोंडानं पाड्यावर येऊ? 'माणसं बाहेर काढा' असं लिही. 'पळा' नको."

मी शब्द काढला नाही. तू पत्रकं घेतलीस, न्यायला नकार दिला नाहीस, पण वाटली असशील असं वाटत नाही. दिवाळीला भेटलो तेव्हाही तोच विषय निघाला आणि तसाच राहिला. जीपमध्ये चढताना तू म्हणालास, "आलो की बोलू." मी म्हणाले, "बोलून काय होणार, तुला ऐकायचंच नाही." हे आपलं शेवटचं बोलणं. मी काही वेगळं बोलले असते तर तू वाचला असतास, असं मी म्हणणार नाही. मुळीच म्हणणार नाही. ते कुलूप मी लावलं नव्हतं.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. तिचा आवाज अजून बसलेला आहे, चार शब्दांनंतर खोकते.

जेवण झालं होतं. सगळे शेडच्या सावलीत लवंडलेले. भोंगा परत वाजला. तुम्हांला वाटलं, चुकून वाजला, भोंगेवाला झोपेत असेल. कुणीतरी त्याच्या आईवरून काहीतरी बोललंही. मग पोत्यांच्या शेडमधून धूर दिसला आणि तू हाळी दिलीस. पाड्यावरचीच हाळी, तशीच लांब. दुसऱ्या मुलखातले मजूर मागच्या भिंतीकडे पळाले आणि चढून बाहेर पडले. आणि तुझी माणसं सगळीच्या सगळी धुराकडे धावली. बाया हंडे घेऊन, गडी बादल्या घेऊन. वहिनी नळावर होती. तिने भरलेला हंडा तुझ्या हातात दिला. तू पहिला होतास.

पाणी पडलं आणि पोती चरचरली. वहिनी म्हणते, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतं तसं, पण डोंगराएवढं. पांढरा धूर उठला, नाकात सुई घुसल्यासारखा. तेव्हा तुला कळलं. तू ओरडलास, "मागं व्हा!" सगळी गेटकडे आली तर गेटला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर बाहेर गेलेला. तू एक रिकामं पिंप भिंतीला लावलंस आणि एकेकाला वर चढवलंस. झोळीतलं मूल वर दिलंस. वहिनीला ढकललंस तेव्हा तिने तुझा हात सोडला नाही, म्हणून तू तिच्या हातावर मारलंस. ती खूण मला तिने दाखवली. आता ती पुसली जाईल म्हणून रडते.

तू सगळ्यांत शेवटी चढलास. रिक्षापर्यंत चालत गेलास. "मला काय झालं नाय," म्हणालास.

दवाखान्यातला डॉक्टर चांगला होता, हेही सांगते, कारण तू कुणावर खोटा आळ घेऊ दिला नसतास. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "धूर कशाचा होता ते सांगा, म्हणजे काय द्यायचं ते ठरवतो." कोण सांगणार? ज्यांनी ती पोती पाठीवर वाहिली त्यांना त्यात काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरने कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, बघून कळवतो. मी मोखाड्याच्या एसटीडी बूथमधून त्याच कंपनीला फोन लावत होते. मलाही तेच, बघून कळवतो. दादा, ते अजून बघतच आहेत. सकाळी तू गेलास.

म्हणून त्या ओट्यावर मी त्या बुटवाल्याला सोडलं नाही. म्हणाले, पाणी मारायचं नाही हे त्याला कुणी आणि कधी सांगितलं ते सांगा. तो म्हणाला, "सामान्य ज्ञान आहे." आगीवर पाणी मारू नये हे सामान्य ज्ञान? कुठल्या गावचं? मी अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. तो गेला. आता यावर पत्रक निघेल, मोर्चाही निघेल. तहसीलदाराला निवेदन दिलं आहे, ठाण्यालाही जाऊ. मला ते येतं. तेवढंच येतं.

पण एक गोष्ट निवेदनात बसत नाही, ती तुलाच सांगायला हवी. मला तुझाही राग येतो. तू शहाणा, समजदार माणूस, मी छापून हातात दिलेलं, आणि तरी तू हंडा घेऊन पुढे गेलास. रागावते, आणि मग त्या झोळीतल्या पोराचं काय झालं असतं ते मनात येतं. ते पोर काल माझ्या मांडीवर होतं. त्याने माझा चष्मा ओढला. मग मी कुणावर रागावू? कधी वाटतं, तुला पळता आलं नाही म्हणून तू मेलास. कधी वाटतं, बाकीचे जगले ते त्याच कारणाने. हे दोन्ही मी एका वाक्यात बसवून बघितलं. बसत नाही. तू असतास तर डोळे उघडले असतेस.

तुझे दिवस झाले त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं बसली होती. जीपवाल्याचा निरोप आला होता. यार्ड बंद आहे, पण त्याच ठेकेदाराचं दुसरं आहे, तसलंच, तिथे माणसं हवीत. मी उभी राहिले आणि म्हणाले, कुणीही जाणार नाही. मोठ्याने म्हणाले, जसं सभेत म्हणतात.

सोमीवहिनी आतून आली. म्हणाली, "बाय, रोजगार हमीचं काम काढून दे. उद्या नाय जात मी."

तहसीलला विचारून झालं होतं. काम नाही.

"मंग ओरडू नको. पळायचं कसं ते दाखव."

म्हणून तुझ्याच अंगणात मी दाखवलं. मूठभर माती वरून सोडायची, वारा कुठे जातो ते बघायचं. धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूने सरळ पळायचं नाही, तो मागून गाठतो, आडवं पळायचं. पदर ओला करून नाकाला. पोत्याला, पिंपाला पाणी नाही. गेल्या गेल्या पहिल्या दिवशी दुसरं दार शोधायचं, आणि गेटला कुलूप असेल तर कामाला हात लावायचा नाही. बायका माती सोडून बघत होत्या. एक-दोघी हसल्यासुद्धा, आपलं अंगण आणि त्यात असं आडवं पळायचं म्हणून. गडी मात्र बसून राहिले. कुणी माझ्याकडे बघेना.

मग वहिनी सगळ्यांच्या समोर उभी राहिली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मी पळंन. कोणी हाळी दिली तरी पळंन. आत्ताच सांगते. मागून माझ्या पोरांना कोणी बोलायचं नाय."

आपल्या पाड्यावर असं आजवर कुणी बोललं नसेल. कुणीतरी विडी विझवली. सगळ्यांनी तुझ्या बाबांकडे बघितलं. काकडबाबा खाली बघत बसले होते. मला वाटलं, ते आता उठून आत जातील. तेच ते, जे त्या मयताला उठले नव्हते.

"पळ," ते म्हणाले. वहिनीला नाही, जमिनीला म्हणाल्यासारखं. मग मान वर केली. "राबाची आग आपली. ती नाय. तिथं पळायचं. जो पळून येईल त्याला कोणी बोलला, तर त्याला माझ्याकडं पाठवा."

आज सकाळी जीप लागली. मी नाक्यावर गेले होते. ठेकेदाराच्या माणसाशी भांडायचं ठरवून गेले होते आणि भांडलेही, भोंग्यावरून, कुलपावरून. तो हो हो म्हणाला. वहिनी मागच्या बाजूला दाटीत बसली. काकडबाबा पाड्यावरून चालत आले होते, त्या वयात तेवढं अंतर. ते जीपच्या भोवती फिरले. आत हात घालून एकेकाच्या डोक्यावर ठेवत होते आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, "पळायचं हां. मी सांगतो, पळायचं."

दादा, हेच तर मी तुला छापून दिलं होतं. तुला ते त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं.